तालमीच्या मातीचा आलेख

हाफिजा शिकलगारची नोकरी तात्पुरती होती आणि मतं कायमची. या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही, हे तिला बहुतेक सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. सुरुवात आईनं केली, मग ऑफिसातले लोक एकेक करून तिच्या टेबलापाशी येऊन सांगून गेले. ती सगळं ऐकून घ्यायची. ऐकून घेण्याबद्दल तिची काही तक्रार नसे.

ऑफिस कोल्हापुरात, पन्हाळ्याच्या रस्त्याला होतं. पाटीवर 'दक्षिण दख्खन खनिज संशोधन केंद्र' असं लिहिलेलं. लोक त्याला 'मातीचं हापीस' म्हणत आणि एस.टी.चा कंडक्टरही त्याच नावानं थांबा पुकारायचा. शास्त्रज्ञांच्या मनाला ते लागायचं. पण थांबा चुकू नये म्हणून तेही हाक ऐकून उतरायचे.

हाफिजाचे वडील मीरासाब शनिवार पेठेत धार लावायचे. शिंप्याच्या कात्र्या, खाटकाच्या सुऱ्या, ऊसतोडीचे कोयते. बापाचा धंदा आणि लेकीची जीभ यांचा संबंध जोडणारा विनोद ऑफिसात आलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात करायचा, आणि तो आपल्यालाच सुचला असं समजायचा. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती, पहिल्या वर्गात. हे तिला विसरू द्यायचं नव्हतं म्हणून ती ते अधूनमधून सांगायची.

तिच्या ताब्यात इन्फ्रारेड यंत्र होतं. खडकातली माती कुठल्या खनिजाची आहे हे ते सांगायचं. दगडाची पूड करायची, ती चिमटीहून कमी घ्यायची, पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठात खलायची आणि दाबयंत्रात दाबून शर्टाच्या बटणाएवढी पारदर्शक चकती करायची. चकतीतून अवरक्त किरण सोडले की खनिजातल्या अणूंच्या जोड्या आपापल्या थरथरीशी जुळणारे किरण तेवढे गिळतात. जिथं गिळले गेले, तिथं कागदावरचं पेन खाली उतरतं आणि आलेखात खड्डा पडतो. चिनी मातीचं जे खनिज, केओलिनाइट, त्याचे खड्डे कागदाच्या डाव्या अंगाला, अरुंद आणि एकमेकांना चिकटून. काळ्या रानातल्या फुगणाऱ्या मातीचा खड्डा रुंद, म्हैस बसून उठल्यासारखा. हाफिजा कागद लांबून बघूनच सांगायची.

या यंत्राच्या आत काचेऐवजी मिठाचे स्फटिक असतात, कारण काच हे किरण अडवते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मिठाचं काय होतं ते कुठल्याही स्वयंपाकघरात विचारावं. म्हणून त्या खोलीच्या खिडक्या बंद, आत दिवे सतत पेटते, आणि ओली छत्री, चहा व जास्त बोलणारी माणसं यांना मज्जाव. एकदा संचालक छत्रीसकट आत आले, तेव्हा तिनं त्यांनाही बाहेर काढलं. ते छत्री ठेवून परत आले. पण पूर्वीसारखे आले नाहीत.

संचालक डॉ. बाळासो इंगवले माणूस वाईट नव्हते. बरंच वाचलेले होते, परदेशी राहून आलेले होते, मराठीत बोलताना कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी ठेवायचे. फक्त शोध लावायचा राहून गेला होता आणि निवृत्ती जवळ येत होती.

शोध एकोणऐंशी साली लागला. नेसरीजवळच्या एका टेकाडावर, जांभ्या दगडाच्या खाली तांबूस मऊ खडक आहे. कपबशीच्या कारखान्याला उपयोगी पडेल का हे बघायला केंद्रानं तिथून दोन पोती आणली. हाफिजानं पहिल्या नमुन्याचा आलेख काढला: केओलिनाइट, थोडं लोह, बाकी काही नाही. कारखानदाराला पुन्हा एकदा खात्री हवी होती, म्हणून आठवड्यानं दुसरा नमुना लावला. त्यात केओलिनाइटचे खड्डे होतेच. पण त्यांच्या उजवीकडं आणखी दोन पडले, एकोणतीसशे वीस आणि अठ्ठावीसशे पन्नास या आकड्यांवर. कार्बन आणि हायड्रोजनची जोडी तिथं थरथरते. म्हणजे तेल.

त्या वर्षी कोल्हापुरात रॉकेलसाठी पहाटेपासून डबे रांगेत लावलेले असायचे. मुंबईच्या समुद्रात तेल सापडून थोडीच वर्षं झालेली. इंगवले साहेबांनी आलेख बघितला, खुर्चीत बसले, परत बघितला. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात मथळा आला: 'नेसरीच्या खडकात तेलाचे अंश'. दिल्लीहून तज्ज्ञांचं पथक येणार असं ठरलं. पथकानं यायच्या आधी आलेखाची प्रत मागितली, नमुना कुठला आणि यंत्र कुणी चालवलं हे लिहून, चालवणाऱ्याच्या सहीनिशी.

हाफिजा सही करेना.

"साहेब, पुढं हा तिसरा खड्डा बघा," तिनं आलेख त्यांच्या टेबलावर पसरला. "सतराशे पंचेचाळीसचा. जमिनीतल्या तेलाला हा नसतो. हा खायच्या तेलाला असतो."

"मिस शिकलगार, खायचं तेल डोंगरात कसं जाईल?"

"तेच मी म्हणतो. डोंगरात जाणार नाही. पोत्यात गेलंय."

('मी म्हणतो' हे कोल्हापुरात बायकाही म्हणतात. तिथं त्याचं कुणाला काही वाटत नाही. इंगवले साहेबांना वाटायचं.)

"पहिला नमुना तुम्ही पावसात काढलात. यंत्र दमट असेल."

"माझं यंत्र दमट नसतं, साहेब. बाकी ऑफिस असेल."

साहेबांनी टेबलाचा खण उघडून एक टाइप केलेला कागद बाहेर काढला आणि तिच्याकडं फिरवला. तिला कायम करण्याचा आदेश होता तो. खाली सहीची जागा मोकळी. "पथक येऊन गेलं की यावर सही करतो," ते म्हणाले आणि कागद परत खणात गेला. धमकी म्हणून ते बोललेच नाहीत. त्यांचं मराठी तेवढं चांगलं होतं.

घरात मीरासाबचे डोळे आणि हात दोन्ही थकत आले होते, आणि त्या कागदाची वाट सगळं घर बघत होतं. ते तिला ठाऊक होतं. तिनं सही केली नाही.

एस.टी.नं ती एकटी नेसरीला गेली, टेकाड चढली, स्वतःच्या हातानं खडक फोडून आणला. आलेख स्वच्छ आला. साहेब म्हणाले, "जागा चुकली तुमची. तेल काही डोंगरभर सांडलेलं नसतं." हे म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. डोंगरात तेल नाही हे दाखवायचं तर सगळा डोंगर दळावा लागला असता. तेव्हा ते आलं कुठून, हेच शोधणं भाग होतं.

तिचा पहिला संशय कृष्णातवर गेला. कृष्णात पोवार हा ऑफिसातला शिपाई; नमुने आणणं, फोडणं, चाळणं त्याच्याकडं. चांगला तिशीतला गडी, कान मोडलेले, रोज तालमीत जाणारा.

"भडंग खाऊन पूड केलीस का रं?"

"देवाशपथ न्हाई, बाई. हात धुतलं हुतं."

"मग तेल कुठनं आलं?"

"डोंगरातनं. सायेबच म्हणत्यात की."

"सायेब म्हणतात म्हणून खरं व्हय?"

"तसं न्हाई. पर सायेब हाईत ते."

ती गप्प बसून त्याच्याकडं बघत राहिली. तिचं गप्प बसणं क्वचितच घडायचं, त्यामुळे ते फार काळ कुणाला सोसत नसे. कृष्णातनं दाराबाहेर डोकावून बघितलं आणि मग सांगितलं. दोन पोत्यांतलं एक त्यानं आल्या दिवशीच तालमीत नेऊन कुस्तीच्या हौदातल्या मातीत मिसळलं होतं. एवढी मऊ तांबडी माती, कपबशीत घालवायची म्हणजे पाप. पहिलं पोतं कारखानदारानं नेलं आणि साहेबांनी दुसऱ्यातला नमुना मागितला, तेव्हा परत नेसरीला कोण जातंय, म्हणून त्यानं हौदातलीच पाटीभर उचलून आणली. माती तीच होती की. फक्त मधल्या आठवड्यात तिच्यात तालमीच्या रिवाजाप्रमाणं तेल, ताक, हळद आणि लिंबू पडलं होतं.

"हे साहेबांना सांगशील?"

"न्हाई."

"नोकरीला भितोस?"

"नोकरीला न्हाई, वस्तादाला. हौदातली माती न इचारता भाईर काढली म्हंजे काय, तुमास्नी म्हाईत न्हाई."

तिला माहीत होतं. बाप त्याच तालमीत वाढला होता. हौदातली माती कपाळाला लावायची असते. पाटीत भरून ऑफिसात न्यायची नसते.

कृष्णातचं नाव न घेता तिनं साहेबांना सांगितलं की दुसरा नमुना तालमीतला आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि प्रथमच मनापासून हसले. "असं असेल तर त्या हौदातला नमुना घ्या, आलेख काढा, मी बघतो. पण दुसऱ्या कुणी आणून दिलेला चालणार नाही. नमुना ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं घ्यावा, हा नियम नेसरीला जाऊन तुम्हीच लावलात." तालमीत बाईला प्रवेश नसतो हे कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. साहेबांचा जन्म कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेतला.

घरी तिनं सांगितलं तेव्हा आई रडली. मीरासाब कात्रीची धार अंगठ्यानं बघत होते.

"जाती तो जा," ते म्हणाले. "बस, चपलां भाईर निकाल."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती तालमीच्या दारात उभी राहिली. आत पोरं कुदळीनं हौद उकरत होती. लढतीआधी माती मोकळी करतात ती वेळ. एकानं कुदळ थांबवली, मग सगळ्यांनी थांबवली. वस्ताद आकाराम घाटगे पुढं आले. सत्तरीचे, छाती अजून दाराएवढी.

"हाफिजा न्हवं तू? मीरासाबची? बा आजारी हाय काय?"

"बरा हाय, काका. मला माती पायजे हौदातली."

"हात्तिच्या! ए, पिराजी, बाईला पिशवी भरून दे."

"पिराजीनं दिलेली चालत न्हाई. मी सोता काढायला पायजे."

वस्तादांचा चेहरा बदलला. "हितं बाई येत न्हाई, पोरी. मारुतीरायाची जागा हाय."

"पंजा बी हितंच बसतोय की. मोहरमात माझी आजी आत येऊन मलिदा ठेवत हुती."

"आजी हौदात उतरली न्हवती."

"तिला काम न्हवतं हौदात. मला हाय."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी मान न वळवता त्याला बैठका सांगितल्या, थांब म्हणेपर्यंत.

"काका, तेल कुठलं घालता?"

"शेंगदाण्याचं. घाण्यावरचं."

"ताक?"

"घरचं. हळद सांगलीची, लिंबं मंडईतली. का गं? लोणचं घालायचंय?"

"त्या लोणच्याला सरकार नेसरीचं पेट्रोल म्हणतंय."

तिनं सगळी हकीकत सांगितली. नाव तेवढं सोडून. पोरांच्यात उभा असलेला कृष्णात पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. वस्तादांना पेट्रोलचं काही वाटलं नाही. त्यांचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

"हौदातली माती भाईर गेली? कुणी नेली?"

"ते मी सांगणार न्हाई."

"माज्या तालमीत येऊन मलाच सांगत न्हाईस?"

"दारात हाय अजून. आत कुठं आलोय?"

वस्ताद विचार करत राहिले. एकीकडं मारुतीराय, दुसरीकडं जुन्या जोडीदाराची पोर. तिच्या बापानं याच हौदात त्यांच्या पाठीला माती लावली होती, एकदाच. पण वस्ताद ते विसरले नव्हते. शेवटी त्यांना वाट सुचली.

"समद्यांनी भित्तीकडं तोंडं करा!" ते ओरडले. "मी बी करतो. आता कोण आलं, कोण गेलं, आमी काय बगितलं न्हाई. हं, घे माती आन जा."

सगळी तालीम भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मोठे मोठे गडी, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. दुसरी कुणी असती तर आभार मानून पटकन पिशवी भरली असती. जगात बाईला बरीच कामं अशीच करू दिली जातात आणि ती होऊनही जातात.

"न्हाई," हाफिजा म्हणाली. "तोंडं हिकडं करा."

"आता काय?"

"न बघितलेला नमुना मला चालत न्हाई. मी माती घेतली हे बघणारा माणूस पायजे. साहेब म्हणतील, रस्त्यावरची भरली."

"अगं, मी सोडतोय तुला!"

"सोडू नका. बघा."

मग वस्ताद हळूच वळले. ते वळले म्हणून बाकीचे वळले. बैठका मारणाराही मधेच थांबला, आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही.

हाफिजानं चपला बाहेर काढल्या. उंबरा ओलांडून हौदाच्या काठाशी आली, वाकून माती कपाळाला लावली आणि आत उतरली. हौदाच्या मधोमध जाऊन तिनं कोपरापर्यंत हात खुपसला, खालची माती काढून पिशवीत भरली, तोंड बांधलं. पिशवीवर जागा, तारीख, स्वतःचं नाव घातलं आणि पेन वस्तादांपुढं केलं.

"हे कशाला?"

"बघितलं असं लिहा."

वस्तादांनी पेन मुठीत धरलं आणि 'बगीतलं' असं लिहून खाली सही केली. सही पिशवीभर आली.

ती दारात पोचल्यावर ते मागून म्हणाले, "माती समदी बदलाय लागंल आता."

"बदला. नेसरीचीच आणा, चांगली हाय. मी तपासलीय."

त्या रात्री कृष्णातनं वस्तादांकडं जाऊन स्वतःच कबूल केलं. नवी माती आली तेव्हा ट्रकपासून हौदापर्यंत सगळ्या पाट्या त्याच्या एकट्याच्या डोक्यावरून गेल्या. पुढं कितीतरी दिवस हाफिजाबाईंनी सांगितलं नसतानाही तो नमुना धरायच्या आधी हात दोनदा धुवायचा.

हौदातल्या मातीचा आलेख आला. तिन्ही खड्डे जागच्या जागी, दुसऱ्या नमुन्यासारखे हुबेहूब. हाफिजानं दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेघ रेघेवर बसली. ते तसेच घेऊन ती साहेबांकडं गेली, आणि पिशवीही घेऊन गेली.

साहेबांनी कागद उजेडाला धरले. पिशवीवरचं अक्षर वाचलं. ते शास्त्रज्ञ होते, त्यांना दिसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि माणूस म्हणून बोलले. "मिस शिकलगार, पेपरात आलंय. पथकाचं आरक्षण झालंय. मला चार महिने राहिलेत." खणातून तो आदेश निघाला. या वेळी त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. "तुम्ही 'तेल नाही' म्हणू नका, मी 'आहे' म्हणत नाही. नमुन्याचं ठिकाण नेसरी असं राहू दे, शेरा 'निष्कर्ष अनिश्चित', आणि खाली सही. मी इथं करतो, तुम्ही तिथं करा. पथक बघेल काय ते."

दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एकावर तिनं लिहायचं, दुसऱ्यावर त्यांनी.

"अनिश्चित काय आहे यात, साहेब?"

"प्रत्येक गोष्टीत काहीतरी अनिश्चित असतंच."

"असतं की. पण हे शेंगदाण्याचं आहे."

तिनं त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. नमुन्याचं ठिकाण या रेघेवर लिहिलं, 'तालमीचा हौद, कोल्हापूर'. शेऱ्यात लिहिलं, 'केओलिनाइट. अधिक शेंगदाण्याचं तेल'. खाली पूर्ण नावानं सही केली, बापाच्या नावासकट, आणि कागद त्यांच्याकडं सरकवला.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय केलंत?"

"आता सही केली. तुम्हीच मागत होता."

साहेबांनी आपल्या पेनाला टोपण लावलं. आदेश खणात ठेवला आणि खण लोटला. तो नेहमी अडकायचा, या वेळी सरळ लागला. हाफिजा उठली, दाबयंत्राला तेल देण्याची वेळ झाली आहे असं काहीसं बोलली आणि गेली.

आलेख त्या शेऱ्यासकट दिल्लीला गेला, आणि दिल्लीचं पथक आलं नाही. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी तार आली, त्याहून जास्त कुणी विचारलं नाही. पेपरानं खुलासा छापला नाही. नेसरीकडं अजूनही एखादा म्हातारा टेकाडाकडं बोट दाखवून, सरकारनं तेल कसं दाबून ठेवलंय ते पाहुण्यांना सांगतो. कपबशीचा कारखाना मात्र निघाला, आणि पहिल्याच वर्षी बंद पडला. त्यात मातीचा दोष नव्हता.

इंगवले साहेब वेळेवर निवृत्त झाले. आदेश खणातच राहिला. पुढच्या साहेबांनी तो वाचला, त्यांना आधीच्या साहेबांचा मान ठेवायचा होता. त्यांच्या पुढच्यांना फाइल सापडली नाही. हाफिजाला काढून टाकणंही कुणाला जमलं नाही, कारण ती रजेवर गेलेल्या एका श्रावणात मिठाचा एक स्फटिक दह्यासारखा पांढरा झाला होता, आणि नवा परदेशातून यायला वर्ष लागलं. मीरासाबना नातेवाईकांनी विचारलं की ते सांगायचे, पोरगी सरकारात हाय. कायम का तात्पुरती, ते विचारणाऱ्याला कात्री दाखवायचे.

दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा. त्यावर तिचं नाव, हुद्दा आणि 'तात्पुरती' हा शब्द टाइप केलेला असे. हेडक्लार्क दरवेळी म्हणायचे, बाई, एकदा साहेबांना नीट जाऊन भेटा, चार शब्द गोड बोला, होऊन जाईल. ती कागद वरपासून खालपर्यंत वाचायची, त्यात चूक काही सापडायची नाही, आणि उभ्याउभ्या सही करून परत द्यायची.